शाहूपुरीतलं पाळणाघर : अकरा महिन्यांचा अनुभव

बोर्डावर नुसतं 'पाळणाघर' एवढंच लिहिलंय. कोल्हापुरात शाहूपुरीत, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या कौलारू घराच्या खालच्या दोन खोल्या आणि मागचं फरशीचं अंगण. चालवणाऱ्या काकींनी मला बजावलंय, नाव-नंबर कुठं टाकू नकोस. जागा चौदा पोरांची आहे आणि "फोन घेत बसलो तर पोरांकडं कोण बघणार?" हे त्यांचं म्हणणं. म्हणून पत्ता एवढाच. गरज असेल त्यांनी शाहूपुरीत विचारावं, कुणीही दाखवेल.

माझी लेक गेल्या ऑगस्टपासून तिथं जाते. तेव्हा ती वीस महिन्यांची होती, आता अडीच वर्षांची झाली. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, हिशेब बघते. टॅली, जीएसटी, पीएफची चलनं, कामगारांची हजेरी. वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. घर शनिवार पेठेत. सासूबाई गडहिंग्लजकडं गावी असतात, घरची म्हसरं सोडून त्यांना येता येत नाही आणि त्यांनी यावं असं मी म्हणणारही नाही. नवऱ्याचं काम छपाईच्या दुकानात, लग्नसराईत त्यांना घरी यायला रात्रीचे दहा होतात. म्हणजे पाळणाघर बंद तर माझं काम बंद. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी पैशाचं सांगते. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, दुपारच्या जेवणासकट महिना ३,००० रुपये. दूध आणि डायपर आपले. उशीर झाला तर दंड नाही. पण एकाच महिन्यात तिसऱ्यांदा उशीर झाला की काकी दारात उभं करून विचारतात, "पोरगी दाराकडं बघत बसली होती, तुला कळतंय का?" एवढं ऐकलं की चौथ्यांदा उशीर होत नाही.

याआधी सहा महिने लेक दुसऱ्या एका ठिकाणी होती. तिथं ५,५०० रुपये, एसी, भिंतीवर रंगीत चित्रं, आणि आपल्या मोबाइलवर कॅमेऱ्याचं दृश्य दिसायची सोय. उशीर झाला तर अर्ध्या तासाला १०० रुपये. मी एम.ए.ला अर्थशास्त्र घेतलं होतं, तेव्हा इस्रायलमधल्या हैफा शहराचा एक प्रयोग वाचलेला. दहा पाळणाघरं घेतली, त्यातल्या सहांमध्ये उशिरा येणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी लोकांना बाईंची अडचण होईल म्हणून लाज वाटायची, आता दंड भरला की झालं, असं वाटायला लागलं. पुढं दंड काढून टाकला तरी उशीर वाढलेलाच राहिला. वाचताना गंमत वाटली होती. त्या ठिकाणी गेल्यावर ते डोळ्यांनी बघितलं. साडेसहाला पाच-सहा पोरं तशीच बसलेली असायची. मार्चअखेरीला मीही दोनदा शंभराची नोट दिली आणि ऑफिसात चलनं भरत बसले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पण ते ठिकाण सोडलं त्याचं कारण दंड नव्हता. कॅमेऱ्यात रोज अकरा ते एक लेक टीव्हीसमोर एकाच जागी बसलेली दिसायची. हलायची नाही, बोलायची नाही. दीड वर्षाची झाली तरी 'आई', 'दूदू' आणि 'नको' हे तीनच शब्द. विचारलं तर सांगितलं, मुलं शांत राहतात. मी म्हटलं, मला शांत मूल नको आहे. पुढच्याच आठवड्यात शेजारणीनं काकींचं दार दाखवलं.

काकी एकसष्ट वर्षांच्या आहेत. बावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यांच्याकडं विकतचं खेळणं एकही नाही. प्लास्टिकच्या बाटलीत ज्वारीचे दाणे, दुसरीत चिंचोके, तिसरीत खडे, आणि झाकणं डिंकानं घट्ट बसवून वर चिंधी गुंडाळलेली. स्टीलचे सात डबे, एकात एक बसणारे. जुन्या साडीचे चेंडू. पहिल्या दिवशी मी अर्धा तास मुद्दाम थांबले. लेकीनं डबा उचलला, तोंडाला लावला, खाली टाकला. काकी तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. "हा मोठा का ल्हान? ल्हान कुठं गेला? आत गेला? बोलवू त्याला?" लेक नुसती बघत होती. काकींनी डबा वाजवला आणि गप्प राहिल्या. बराच वेळ गप्प. मग लेकीनं आतल्या डब्यावर हात आपटला आणि म्हणाली, "ये." चौथा शब्द तो. मी चप्पल घालून बाहेर आले आणि गाडीपाशी पाच मिनिटं तशीच उभी राहिले.

याचं मोल किती ते माझ्या विषयात मोजलेलं आहे, म्हणून सांगते. जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली होती. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्य-सेविका दोन वर्षं आठवड्याला एकदा तासभर जायची आणि आईला बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवायची. खेळणी घरीच केलेली, टाकाऊ वस्तूंची. वीस वर्षांनी त्याच मुलांना शोधून काढलं, तर खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. अमेरिकेत मिशिगनमध्ये साठच्या दशकात १२३ गरीब मुलांवर असाच बालवाडीचा प्रयोग झाला आणि ती मुलं चाळिशीची होईपर्यंत त्यांची माहिती ठेवली गेली. नोबेल मिळालेले जेम्स हेकमन यांनी त्याचा हिशेब मांडला, तेव्हा गुंतवलेल्या पैशावर वर्षाला ७ ते १० टक्के परतावा निघाला. मी काकींना जमैकाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाईला पगार किती होता?" मला उत्तर देता आलं नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, गुरुवारी अंडं, एक फळ. तिखट जवळजवळ नाहीच. सगळ्या पोरांना एकाच पातेल्यातलं. घरी न खाणारी माझी लेक तिथं भाकरी खाते.

काकींची दोनशे पानी वही मात्र प्रत्येक आईनं बघावी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या अंगणातल्या हुकाला झोळीचा काटा टांगतात आणि एकेका पोराचं वजन घेऊन वहीत लिहितात, अंगणवाडीत लिहायच्या तसंच. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिथली कामाची शिस्त या बाईच्या हातात अजून तशीच आहे. माझ्या लेकीच्या पानावर सप्टेंबर ९.८, ऑक्टोबर ९.८, नोव्हेंबर ९.६ असे आकडे आहेत. नोव्हेंबरच्या आकड्याखाली त्यांनी लाल पेनानं रेघ मारली, मला थांबवलं आणि डोळ्याच्या खालची पापणी ओढून दाखवली. "पांढरी हाय. डॉक्टरला दाखव, टॉनिक दुकानातनं घेऊ नकोस." तपासणीत हिमोग्लोबिन ८.९ आलं. डॉक्टरांनी तीन महिने लोहाचं औषध दिलं आणि जंताची गोळी. फेब्रुवारीचं वजन १०.५.

मी शिकलेली, रोज आकड्यांत बसणारी बाई. माझ्या लक्षात आलं नव्हतं. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या १०० मुलांत जवळजवळ ६९ मुलांना रक्ताची कमतरता आढळली. हा आकडा मी परीक्षेत लिहिलाय. तो आपल्या घरात पाळण्यात झोपलेला असेल असं वाटलं नव्हतं. वजनाची वही ठेवणारं पाळणाघर मिळालं तर भिंतीवरची चित्रं बघू नका, तिथंच घाला.

आता ज्याबद्दल घरात दोन वर्षं वाद चालला ते सांगते. "तीन हजार पाळणाघरालाच द्यायचे तर काम कशाला करतेस?" नणंद म्हणाली, आई म्हणाली, एकदा नवराही म्हणाला. सगळ्यांच्या डोक्यात हिशेब असा की फी माझ्या पगारातनं वजा करायची. मी घरखर्चाची वही उघडली. गाडीचं पेट्रोल दोघांच्या नावावर, गॅस दोघांच्या नावावर, लेकीचं दूध दोघांच्या नावावर, आणि पाळणाघर तेवढं माझ्या एकटीच्या खात्यावर. मी तो आकडा खोडला आणि १,५०० नवऱ्याच्या रकान्यात, १,५०० माझ्या रकान्यात लिहिले. ते बघून नवरा काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्याची फी ते स्वतः देऊन आले.

दुसरा हिशेब याहून मोठा आहे. बाळंतपणाआधी माझा पगार १६,००० होता. माझ्याच महिन्यात लागलेल्या स्टोअरमधल्या सहकाऱ्याचाही १६,०००. रजा संपली तरी बाळाला ठेवायला ठिकाण मिळेना, म्हणून मी एकूण चौदा महिने घरी होते. आज त्याचा पगार २१,०००, माझा १७,५००. दोन पगारवाढी चुकल्या. मार्चअखेरीला रात्री आठपर्यंत थांबायचं काम त्याच्याकडं गेलं, आणि त्याबरोबर भत्ता आणि बढतीही. महिन्याचा फरक ३,५००, म्हणजे पाळणाघराच्या फीपेक्षा जास्त, आणि हा फरक लेक शाळेत गेली तरी संपणार नाही.

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं, तेव्हा मी त्यांच्या कामाबद्दल मिळेल ते वाचलं. अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी धुंडाळून त्यांनी दाखवलं की एकाच धंद्यात, तेवढंच शिकलेल्या बाईमाणसात आणि पुरुषात आज जो पगाराचा फरक दिसतो, त्यातला मोठा भाग पहिलं मूल झाल्यावर सुरू होतो. जो माणूस हाक मारली की हजर होतो त्याला पैसा जास्त मिळतो, आणि घरात कुणीतरी एकानं बाळासाठी हजर राहावंच लागतं. वाचताना मला हजेरीपत्रकातली माझी आणि त्याची ओळ दिसत होती. आपल्याकडच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि करणाऱ्या पुरुषांची ८८, असं निघालं. ही मिनिटं कुठंतरी भरून निघाल्याशिवाय बाईला साडेआठला घर सोडता येत नाही.

आता उणिवा. संडास एकच, आणि अंगणातून जावं लागतं. पावसात पोरांना कडेवर न्यावं लागतं. पाळणाघराची सुट्टी रविवारी आणि आमच्या फौंड्रीची सोमवारी. म्हणजे रविवारी लेक कुणाकडं, हा प्रश्न दर आठवड्याला नवा. नवरा घरी असतात तेव्हा सुटतो, लग्नसराईत सुटत नाही. जानेवारीत काकी नऊ दिवस आजारी होत्या तेव्हा चौदाही आयांची वाताहत झाली, कारण त्यांच्या जागी उभी राहणारी कुणी नाही. एक मदतीला येणारी बाई आहे, ती स्वयंपाक करते, पोरं सांभाळायचं तिचं काम नाही. आणि जुलैत पंचगंगेचं पाणी वाढलं की शिरोलीकडनं यायला उशीर होतो, तेव्हा काकी थांबतात खऱ्या, पण त्यांच्या थांबण्याचे पैसे त्या घेत नाहीत. हे मला बरोबर वाटत नाही. घ्यायला पाहिजेत.

सगळ्यांत मोठी उणीव वेळेची. आमच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथं, अकरा बायका आहेत. वाळूचे कोअर भरायचे, भाजलेले उतरवायचे, घासायचे. रोजंदारी. पाळी आठची, कंपनीचा टेम्पो कावळा नाक्यावरनं सात-वीसला सुटतो. पाळणाघर उघडतं साडेआठला. त्यातल्या एकीचं धाकटं पोरगं माझ्याच लेकीएवढं, काकींकडंच असतं. काकी तिच्याकडनं १,५०० घेतात. ज्याला जेवढं झेपतं तेवढं, हा त्यांचा नियम, आणि कोण किती देतं हे त्या कुणाला सांगत नाहीत. मला हे त्या बाईनंच सांगितलं. पण मग सात ते साडेआठ पोरगं कुणाकडं? थोरलीकडं. ती सातवीत आहे, शाळा सकाळची साडेसातची. ती भावाला साडेआठला काकींकडं सोडते आणि मग शाळेत जाते. गणित आणि इंग्रजीचे पहिले दोन तास रोज बुडतात. हे मला कळलं ते हजेरीपत्रक लिहिताना नाही, शाहूपुरीच्या दारात. दप्तर पाठीला, भाऊ कडेवर, आणि धापा टाकत आलेली बारा वर्षांची पोरगी.

शहरात हे असं होतं. गावाकडं बाई पोराला बांधावर झोळीत झोपवून भांगलण करते, ते कष्टाचं आहे पण करता तरी येतं. फौंड्रीच्या भट्टीशेजारी पोर नेता येत नाही. केंद्राच्या श्रमबल पाहणीत २०२३-२४ ला पंधरा वर्षांवरच्या बायकांत काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या खेड्यात १०० पैकी जवळजवळ ४८ होत्या आणि शहरात २८. या फरकाला कारणं पुष्कळ आहेत, पण साडेआठला उघडणारं दार त्यात नक्की आहे. कायद्याचं म्हणाल तर बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जायची मुभा दिली. आमच्याकडं सगळे मिळून बेचाळीस. शेजारच्या शेडमध्ये छत्तीस. अशा दहा शेड एकत्र आल्या तर एक पाळणाघर सहज चालेल. मी साहेबांकडं तसा अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही.

मी रोज दसरा चौकातनं जाते. तिथली बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची जुनी वसतिगृहं, लहानपणापासून बघत आले, पण काकींकडं जायला लागल्यापासून त्यांच्याकडं वेगळं बघते. शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं १९१७ साली, मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग उघडलं होतं १९०१ ला, म्हणजे सोळा वर्षं आधी. खेड्यातनं आलेल्या पोरानं राहायचं कुठं, जेवायचं काय, हे त्यांनी आधी बघितलं. मला वाटतं, आज त्यांनी एमआयडीसी बघितली असती तर पहिला प्रश्न हाच विचारला असता, या बायकांची पोरं सकाळी सात वाजता कुठं असतात?

त्या दोन बुडणाऱ्या तासांबद्दल आम्ही मे महिन्यात काकींच्या अंगणात बसलो. बारा आया आल्या होत्या. काकी म्हणाल्या, "मी साताला उघडतो की, पण एकट्यानं न्हाई होणार, हात पायजे." मग हिशेब केला. अकराजणींनी महिन्याला ३०० जास्त द्यायचे, कोअर शॉपवालीनं द्यायचे नाहीत, वरचे ७०० काकी घालणार. म्हणजे ४,००० रुपयांत सकाळी सात ते बारा एक मदतनीस. त्यातल्या चौघींना सकाळी सातची गरजच नाही, तरी त्या हो म्हणाल्या. येत्या एक ऑगस्टपासून सुरू करायचं ठरलंय.

त्यासाठी बाई हवी आहे. अंगणवाडीचा अनुभव असेल तर उत्तम, नसला तरी चालेल, पण पोरांशी बोलणारी हवी. वजनाची वही लिहायची आहे, म्हणून आकडे लिहिता यायला पाहिजेत. काकींना समक्ष भेटा. दुपारी एक ते तीन पोरं झोपलेली असतात, तेव्हा बेल वाजवू नका, कडी हळू वाजवा.